'उप' कोणी ठरवले?

'मुख्य प्रवाह' आणि 'उपसंस्कृती' हे शब्द आपल्या मेळाव्यांतील भाषणांत हल्ली फार सैलपणे वापरले जातात. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी जीवन म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुख्य धारेची दूरवर गेलेली उपशाखा, असे पाहुणे वक्ते सांगतात आणि सभागृह टाळ्या वाजवते. आमची हरकत या टाळ्यांना आहे.

मुख्य कोण आणि उप कोण हे संख्येवर ठरत असते, तर इंदुरात मराठी कधीच मुख्य ठरली नसती. होळकरशाहीत सभोवतालची बहुसंख्य प्रजा माळवी बोलत होती. तरी दरबारात आणि प्रतिष्ठितांच्या वाड्यांत मान होता तो मराठीला. माळवी ही टांगेवाल्याची, भाजीवालीची बोली. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, १९५६ साली नवा मध्यप्रदेश झाला, कचेरी हिंदीची झाली आणि मराठी माजघरात गेली. माणसे तीच, भाषा तीच. खुर्ची तेवढी हलली. सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या आम्हांस हे निराळे शिकावे लागले नाही. टिपणी कोणत्या भाषेत लिहावयाची हे जो ठरवितो, तो 'मुख्य'!

मग पुण्याचे प्रमाणपत्र कशासाठी? घरातला नातू 'मी येऊन राहिलो आहे' म्हणाला, की पाहुण्यांदेखत त्याला दटावले जाते. अशाने मराठी शुद्ध राहते, असा समज आहे. प्रमाण मराठी लिहावयास अवश्य शिकवावी. त्यास कोणाचा विरोध असणार? परंतु दटावलेला मुलगा पुणेरी मराठी बोलू लागत नाही, तो सरळ हिंदीत बोलू लागतो. उत्सवातही तेच. वर्गणी इथली, पण तिचा मोठा वाटा बाहेरच्या नाटकमंडळीच्या बिदागीत आणि प्रवासखर्चात जातो. स्थानिक मुलांच्या एकांकिकेच्या वाट्याला दुपारची वेळ येते, तीही पंगती चालू असताना.

ज्या सरमिसळीची आपल्या मंडळींना लाज वाटते, तिने काय दिले ते पाहावे. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७-१९६४) हे आधुनिक हिंदी कवितेतील अग्रगण्य नाव. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी आणि 'क्षिप्रा' कादंबरीचे कर्ते. एकाच मराठी घरातले हे दोघे. यांतला कोणता भाऊ मुख्य आणि कोणता उप? बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ च्या सुमारास क्षयाने आजारी होऊन देवासला आले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळवी बायकांची गाणी ऐकली आणि पुढे लोकधुनांतून नवे राग सिद्ध केले. ती गाणी त्यांनी 'उप' म्हणून कानाआड केली असती तर?

आणखी एक गोष्ट, जी आपल्या बैठकांत निघत नाही. मराठी वारसा मोजताना राजवाडा येतो, अहिल्याबाई येतात. इंदुराहून तासाभराच्या वाटेवरील महूच्या छावणीत, लष्करात नोकरीस असलेल्या कोकणातल्या मराठी घरात, १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकर जन्मले. त्या तारखेला आजही महाराष्ट्रातून हजारो माणसे तेथे येतात, मराठीत बोलतात, मराठीत गातात. आपल्या किती मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकेत हा दिवस असतो? पुण्याने आपणांस परिघावर ठेवले अशी तक्रार करणाऱ्यांनी स्वतःचा परीघ कोठे आखला आहे, हेही पाहावयास हवे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटले गेले. ठीकच. आता येत्या उत्सवात एक संध्याकाळ इथल्या मुलांच्या एकांकिकांना, इथल्याच बोलीत, मिळणार आहे की नाही? माळवी गायिकांना मंचावर मानाने बोलावले जाणार आहे की नाही? कार्यकारिणीत महूकडील मराठी कुटुंबांतले कोणी बसणार आहे की नाही? वर्गणीचे पुस्तक दारी आणण्यापूर्वी पदाधिकाऱ्यांनी एवढ्याची लेखी उत्तरे द्यावीत.