चोपण जमीन आणि नातीचा पाठ



मागच्या पंधरवड्यात कालव्याकाठच्या एका गावी गेलो होतो. तिथल्या एका आबांचा दोन एकरांचा उसाचा तुकडा चोपण झाला आहे. पाणी दिले की चार-चार दिवस वरच उभे राहते. वाळले की ढेकूळ दगडासारखे. दोन वर्षे जिप्सम टाकले, उधारी वाढली, पण ऊस काही उठेना. "तुकडा विकून टाकावा म्हणतो, साहेब," आबा म्हणाले.

ओसरीवर नात विज्ञानाचा धडा घोकत होती, "सोडियम एक धन, कॅल्शियम दोन धन..."

आबा वैतागले. "हे पाठ करून काय ऊस वाढणार आहे?"

मी म्हटले, "आबा, तुमच्या दुखण्याचे औषध पोर तेच सांगते आहे."

रशियाच्या मेंडेलीव्ह यांनी १८६९ साली मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडली. आजच्या सारणीत पहिल्या उभ्या रांगेत सोडियम व पोटॅशियम, दुसऱ्या रांगेत मॅग्नेशियम व कॅल्शियम. पहिल्या रांगेतला अणू एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, म्हणून त्यावर एक धन प्रभार. दुसऱ्या रांगेतला दोन देतो, म्हणून दोन धन.

आता मातीकडे या. चिकणमातीच्या कणावर ऋण प्रभार असतो. धन प्रभाराचे आयन त्याला चिकटून राहतात. कॅल्शियम दोन हातांनी कण धरून ठेवतो, माती रवाळ राहते. सोडियमचा हात एकच, पकड ढिली. पाणी लागताच कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि मुळांचा श्वास कोंडतो.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला एक कॅल्शियम दोन सोडियमना उठवून त्यांच्या जागी बसतो. हिशेबाने १७२ किलो शुद्ध जिप्सम ४६ किलो सोडियम सोडवते. जमिनीतली चुनखडीही कॅल्शियमचीच, पण ती अशा जमिनीत फारशी विरघळत नाही, म्हणून उपयोगी पडत नाही.

मग आबांचे चुकले कुठे? सुटलेला सोडियम पाण्यात विरघळतो खरा, पण त्यांच्या शेतात चरच नव्हते. पाहुण्याला उठवले, पण दार उघडले नाही! तो तिथेच राहिला.

तेव्हा क्रम ध्यानात ठेवा. आधी माती परीक्षण, मग निचऱ्याचे चर. त्यानंतर अहवालात दिलेल्या मात्रेने जिप्सम वरच्या थरात मिसळावे, चांगले पाणी देऊन क्षार धुऊन काढावेत आणि धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडावा. जमीन एका हंगामात सुधारत नाही, धीर धरावा लागतो.

घरच्या घरी एक परीक्षा करा. काचेच्या पेल्यात पावसाचे पाणी घेऊन त्यात मातीचा वाळलेला खडा अलगद सोडा, ढवळू नका. सकाळपर्यंत खड्याभोवती पाणी गढूळ झाले, तर सोडियमचा संशय धरा आणि माती तपासायला द्या.

आबांनी तुकडा विकायचे तूर्त थांबवले आहे. चर खोदायला घेतलेत. आणि नातीला आता कोणी घोकू नको म्हणत नाही.