संघ सोडला, म्हणून दोषी?

एखादा नामवंत खेळाडू अडचणीतला संघ सोडून गेला, की सर्वणच्या पारापासून पणजीच्या कचेऱ्यांपर्यंत सर्वजण त्याला पैशाचा लोभी ठरवून मोकळे होतात. हा न्याय आम्हांस मान्य नाही. २०१५ च्या प्रारंभी धेंपो क्लबचा रोमिओ फर्नांडिस ब्राझीलच्या आतलेतिको परानाएन्से संघाकडे गेला. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो त्या वेळी धडपडत होता. मोसमाअखेर तो खालच्या श्रेणीत घसरला. रोमिओ राहिला असता तर कदाचित तरलाही असता. परंतु फुटबॉलपटूची उमेदीची वर्षे ती किती? दहा-बारा! पुढे त्याचा चरितार्थ क्लब थोडाच चालवितो?

शिवाय निष्ठेचा हिशेब एकट्या खेळाडूकडूनच का मागावा? २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग व धेंपो या क्लबांनीच आय-लीगमधून अंग काढून घेतले. महासंघ नव्या लीगसाठी जुनीला मागे ढकलीत आहे, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. मात्र मालकांना कोणी पळपुटे म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. उद्या सर्वणच्या एखाद्या मुलाला बाहेरून बोलावणे आले, तर त्याला कशाच्या बळावर थांबवावयाचे, हे क्रीडाखात्याने सांगावे.