न सांगता सोडलेले कॉलेज

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात. मग जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पुस्तक यांच्यासाठी धावपळ सुरू होते. लावणीचे दिवस असले तरी आई-बाप एक दिवसाची मजुरी बुडवून तहसील कचेरीत रांग लावतात. मुलाचे नाव कॉलेजात घातले जाते, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो. येथवर आपली घरे कुठेच कमी पडत नाहीत.

अडचण येते ती दिवाळीनंतर. वर्गातली काही मुले दिसेनाशी होतात. कुणी महाडच्या एम.आय.डी.सी.त ठेकेदाराकडे लागतो, कुणी मुंबईला मामाकडे जातो, कुणा मुलीला आईच्या आजारपणामुळे घरी बसावे लागते. शेजाऱ्याने विचारले तर घरचे सांगतात, ‘‘कॉलेज सुटलं.’’ पण कॉलेजला मात्र कुणी काहीच कळविलेले नसते.

आज आम्हाला लिहावयाचे आहे ते या न कळविण्याविषयी. पोटासाठी शिक्षण थांबवावे लागले, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु न सांगता थांबविले तर पुढे परत येण्याची वाट आपणच काट्या टाकून बंद करतो.

आधी पैशाचा हिशेब समजून घेऊ. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळणारी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असलेल्यांसाठी आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपमधून शिक्षण फी व परीक्षा फी मिळते. शिष्यवृत्तीत दोन भाग असतात. एक कॉलेजची फी, दुसरा विद्यार्थ्याच्या खर्चाचा भत्ता. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे हा भत्ता साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.साठी घरून ये-जा करणाऱ्यास वर्षाला ३,००० रुपये व वसतिगृहात राहणाऱ्यास ६,००० रुपये आहे. अकरावी-बारावी व आय.टी.आय.साठी तो अनुक्रमे २,५०० व ४,००० रुपये आहे.

ही रक्कम काही आयुष्यभराची पुंजी नाही. खरी किंमत आहे ती फीच्या भागाची. आपल्या मुलाकडून प्रवेशाच्या वेळी पुरी फी घेतली जात नाही, कारण ती सरकारकडून येईल असे गृहीत धरलेले असते. मुलगा मध्येच निघून गेला की हजेरी भरत नाही, परीक्षेला तो बसत नाही, महाडीबीटीवरचा अर्ज अडकतो. सरकारची फी येत नाही आणि कॉलेजच्या वहीत ती मुलाच्या नावावर बाकी म्हणून दिसते. दोन वर्षांनी ठेका संपतो, मुलाला पुन्हा शिकावेसे वाटते. तो टी.सी. आणावयास जातो तेव्हा त्याच्यापुढे ती बाकी ठेवली जाते. सल्ल्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या घरांची हकीकत बहुधा अशीच असते.

दुसरी बाजूही आहे. वर्षाच्या मध्ये शिक्षण सोडले तर घेतलेली शिष्यवृत्ती परत मागण्याचा अधिकार या योजनेच्या नियमांनी राज्य सरकारला दिला आहे. प्रत्येकाकडून ती वसूल होतेच असे नाही. ते सरकारच्या मर्जीवर आहे. तसेच परवानगी न घेता अभ्यासक्रम किंवा कॉलेज बदलले तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. आणि एक पदवी पुरी झाल्यावर त्याच पायरीची दुसरी पदवी, म्हणजे बी.ए. नंतर बी.कॉम., घेतली तर त्या दुसऱ्या पदवीला शिष्यवृत्ती नाही. म्हणून विषय बदलावयाचा असेल तर आधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारावे, मग नाव काढावे.

मात्र याच नियमांत एक दार उघडे ठेवलेले आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असते. आजारपण किंवा अचानक आलेल्या आपत्तीमुळे वार्षिक परीक्षा देता आली नाही, तर वैद्यकीय दाखला अथवा अन्य पुरावा दाखवून पुढील वर्षी शिष्यवृत्ती चालू राहू शकते. त्यासाठी कॉलेजच्या प्राचार्यांची खात्री पटली पाहिजे आणि परीक्षेला बसता तर हा विद्यार्थी पास झाला असता, असे त्यांनी लिहून दिले पाहिजे. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुरात महाड बुडाले, तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे गेली. अशा वेळी पंचनाम्याची नक्कल हा पुरावाच असतो. पण प्राचार्यांनी दाखला द्यावा तरी कोणाला? जो मुलगा काही न सांगता नाहीसा झाला, त्याच्याविषयी ते काय लिहिणार?

येथे बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतली एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. म्हणजे पैशाअभावी शिक्षण मध्येच थांबविण्याचा प्रसंग त्यांच्यावरही आला. मात्र त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळविली होती. पुढे बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्य म्हणून राहावयास जागासुद्धा मिळेना. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. कोल्हापूरचे शाहू महाराज आणि नवल भथेना हे पारशी मित्र मदतीस आले. १९२० साली ते मुदतीच्या आत लंडनला परतले, १९२१ साली एम.एस्सी. व १९२३ साली डी.एस्सी. झाले. चार वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, आपल्या महाडला चवदार तळ्यावर उतरले ते हेच डॉक्टर आंबेडकर. हाती परवानगी नसती तर मधली तीन वर्षे त्यांना किती जड गेली असती, याचा विचार प्रत्येक पालकाने करावा. आज आपली मुले घेतात ती शिष्यवृत्तीही १९४४ साली, ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली.

तेव्हा शिक्षण थांबविण्याची वेळ आलीच, तर काय करावे?

पहिली गोष्ट, घाई करू नये. सत्र संपत आले असेल तर परीक्षा देऊनच जावे. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आहे. पास झालेल्या विषयांचे क्रेडिट विद्यार्थ्याच्या नावे जमा राहतात आणि ते जास्तीत जास्त सात वर्षे धरले जातात. पहिले वर्ष व त्यासोबतचे ठरलेले कौशल्याचे काम पुरे केले तर प्रमाणपत्र घेऊन थांबता येते. महिनाभर आधी कामावर लागून चार पैसे मिळतील, पण सहा महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल.

दुसरी गोष्ट, प्राचार्यांच्या नावे साध्या मराठीत अर्ज लिहावा. नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, सोडण्याचे कारण, शेवटचा हजेरीचा दिवस आणि ‘पुढे परत शिक्षण घेण्याची इच्छा आहे’ हे वाक्य. दोन प्रती कराव्यात. एक कार्यालयात द्यावी, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. आम्ही कारकुनी करणारी माणसे. कचेरीत तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते आणि शिक्का बोलतो, हे आम्हाला रोज दिसते.

तिसरी गोष्ट, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे आहे व किती रक्कम आली, हे त्याच दिवशी विचारून लिहून घ्यावे. फीची रक्कम मुलाच्या खात्यात आली असेल तर ती कॉलेजची आहे, घरखर्चाची नव्हे. ती भरून पावती घ्यावी.

चौथी गोष्ट, ज्यांनी फी भरली आहे त्यांनी तारखेकडे लक्ष द्यावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी नाव काढले तर थोडे प्रक्रिया शुल्क वजा करून बाकी फी परत मिळते. त्यानंतर पण शेवटच्या तारखेपूर्वी काढले तर ९० टक्के, शेवटच्या तारखेनंतर पंधरा दिवसांत ८० टक्के, तीस दिवसांत ५० टक्के, आणि तीस दिवस उलटले की काहीच नाही. मूळ गुणपत्रिका व दाखले मात्र कॉलेजने अडकवून ठेवावयाचे नाहीत, असे हाच नियम सांगतो.

परत शिकावयास आल्यावर मधल्या खंडाचे प्रतिज्ञापत्र लागते. तेव्हा तो शिक्क्याचा कागद सोबत असला म्हणजे काम सोपे होते. नोकरी सोडणे शक्य नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्गही आहे. कॉलेजात दाद लागली नाही तर समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांची कचेरी अलिबागला आहे. पोलादपूरच्या माणसाला तेथे जाऊन येण्यात सारा दिवस मोडतो, म्हणून आधी लेखी अर्ज द्यावा व त्याची नक्कल घेऊनच जावे.

एक विनंती वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींना. येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा एवढेच विचारा, की यंदा आपल्यापैकी कोण कॉलेजात जाईनासा झाला आहे. त्याला बोल लावू नका. त्याच्याजवळ बसून अर्ज लिहून द्या आणि सोमवारी त्याच्यासोबत कार्यालयात जा.