दिव्यासकट सायकल

दिवाळीचा हंगाम संपला आणि टेबलावर सभासदांच्या पत्रांचा गठ्ठा जमला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिचे सुटे भाग यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आपल्या धंद्याची ही जुनी मागणी, तेव्हा पत्रे समाधानाची असतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे. सातपूरच्या एका सभासदाने तर पत्राला बिलाची झेरॉक्सच जोडली आहे.

गिऱ्हाईक औद्योगिक वसाहतीतला कामगार. पहिली पाळी सकाळी सातची, घर नऊ किलोमीटरवर. म्हणजे या दिवसांत घर सोडायचे ते अंधारातच. त्याने सायकल घेतली. कॅरियर, मडगार्ड आणि स्टँड बसवून घेतला. पुढचा-मागचा दिवा, कुलूप आणि हेल्मेट घेतले. रोज सायकलने कामावर जाणाऱ्याने जे घ्यायला हवे, ते सगळे या शहाण्या माणसाने न सांगता घेतले. बिलावर सायकल, कॅरियर, मडगार्ड, स्टँड यांना ५ टक्के लागले. दिवे, कुलूप आणि हेल्मेट यांना १८ टक्के. गिऱ्हाइकाने विचारले, “शेठ, सायकल स्वस्त झाली म्हणून पेपरात वाचलं होतं. मग हे अठरा टक्के कशाचे?” सभासद लिहितात, माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्याकडेही नाही.

हिशोब मांडून पाहू. समजा मडगार्ड-कॅरियरसह सायकल १०,००० रुपयांची. तिच्यावर कर ५०० रुपये. दिव्यांची जोडी ६००, कुलूप ४०० आणि हेल्मेट १,५०० असे आणखी २,५०० रुपये. त्यावर कर ४५० रुपये. सायकलीच्या चौथ्या हिश्शाच्या किमतीचे हे सामान जवळजवळ सायकलीएवढाच कर भरते, आणि सामान कसले, तर जीव आणि सायकल दोन्ही सांभाळणारे. सवलत ज्याच्या नावाने दिली त्याच माणसाच्या खिशातून ती अशी परत काढून घेतली जाते. नोकरदार गिऱ्हाइकाला या कराचे क्रेडिट मिळत नाही. कंपोझिशन योजनेतल्या आपल्या छोट्या दुकानदारालाही मिळत नाही. तो १८ टक्के भरून दिवा विकत घेतो आणि ती रक्कम किमतीत मुरवतो.

इथवरचा प्रकार अन्यायाचा आहे. पुढचा त्याहून वाईट. पत्रे लिहिणाऱ्या कित्येकांनी सणाला एक चांगली कल्पना काढली होती : कामावर जाणाऱ्यासाठी सायकल, दिवे, कुलूप, हेल्मेट असा पूर्ण संच आणि त्याची एकच किंमत. गिऱ्हाइकाला दहा वस्तू निवडत बसावे लागत नाही, दुकानदारालाही फिटिंग एकदाच करावे लागते. पण केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ८ प्रमाणे एका किमतीत अनेक वस्तू विकल्या की दोन वाटा उरतात. वस्तू व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात स्वाभाविकपणे एकत्र विकल्या जाणाऱ्या असतील, तर मुख्य वस्तूचा दर सगळ्याला लागतो. तशा नसतील तर तो ‘मिश्र पुरवठा’ ठरतो आणि त्यातला सर्वांत चढा दर सगळ्याला लागतो. म्हणजे आपल्या उदाहरणातला १२,५०० रुपयांचा संच पहिल्या वाटेने गेला तर कर ६२५ रुपये, दुसऱ्या वाटेने गेला तर २,२५० रुपये. वस्तू वेगवेगळ्या बिलल्या तर तोच कर ९५० रुपये. गिऱ्हाइकाला पूर्ण सायकल द्यायची म्हणून किंमत एक केली, तर १,३०० रुपयांचा जादा बोजा अंगावर यायची धास्ती!

हा खुलासा मागायला आम्ही कर खात्याच्या एका मदत कक्षात तीन वेळा गेलो. पहिल्यांदा सांगितले, कारखान्यातूनच दिवा बसवून आला तर ती सायकल, दुकानात बसवला तर तो दिवा. दुसऱ्यांदा सांगितले, कटकट नको, वेगवेगळे बिल करा. तिसऱ्यांदा सांगितले, आगाऊ निर्णयासाठी अर्ज करा. त्या अर्जाचे शुल्क केंद्राच्या कायद्याखाली ५,००० आणि राज्याच्या कायद्याखाली ५,०००, असे १०,००० रुपये. आणि मिळालेला निर्णय बंधनकारक फक्त अर्जदारावर व त्याच्या अधिकाऱ्यावर. शेजारच्या दुकानाला त्याचा आधार नाही. सहाशे रुपयांच्या दिव्याचा कर जाणून घ्यायला प्रत्येक दुकानदाराने दहा हजार भरायचे, हा न्याय कुठल्या व्यवहारात बसतो?

करणाऱ्याला हे एका ओळीत दुरुस्त करता येईल. सायकलीच्या दिव्यांना वर्गीकरणात ८५१२ १० हा स्वतंत्र उपक्रमांक आधीपासूनच आहे, मोटारीच्या दिव्यांपासून वेगळा. तरी दराच्या यादीत सायकलीचा टिचभर दिवा आणि मोटारीचा हेडलाइट एकाच ओळीत, एकाच दराने बसवले आहेत. टायर-ट्यूबच्या बाबतीत ‘सायकलचे’ म्हणून वेगळी नोंद करून ५ टक्के लावता येतात. मग दिव्याच्या बाबतीत काय अडले? ब्रिटनमध्ये १९९९ च्या वित्त कायद्याने कामावर जाण्यासाठीच्या सायकलींना करसवलत दिली, तेव्हा तीत सुरक्षेचे साहित्यही धरले. सायकल आणि दिवा वेगळे काढता येत नाहीत, एवढे तिथल्या कायदा करणाऱ्यांना समजले होते. आपल्याकडेही एकेकाळी ते समजत होते. रात्री विनादिव्याची सायकल चालवली म्हणून चौकात दंड भरलेले वाचक आजही आहेत. त्या काळी सरकारच्या लेखी दिव्याशिवाय सायकल अपुरी होती. २०२० मध्ये केंद्राने सायकलीच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, तेही योग्यच झाले. पण रिफ्लेक्टर उजळतो तो दुसऱ्याच्या हेडलाइटने. समोरचा खड्डा तो दाखवत नाही.

यात रस्त्यावर कोण आहे हेही सरकारने ओळखावे. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामगारांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने कामावर जात होते. भोसरी, सातपूर, वाळूज, कुपवाड, गोकुळ शिरगाव इथल्या कारखान्यांच्या फाटकांवर पाळी सुटताना उभे राहिले की ही माणसे दिसतात. पहाटे निघणारी, रात्री परतणारी. आपल्या धंद्याचे हे सर्वांत इमानी गिऱ्हाईक. चैनीची वस्तू म्हणून ते दिवा घेत नाही.

आता घरातले बोलू. कलमातले शब्द पुन्हा वाचा : ‘व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात’. हा ओघ कोण ठरवतो? आपण. उद्या एखाद्या अधिकाऱ्याने विचारले, तुमच्या धंद्यात सायकल दिव्यासकट विकायची रीत आहे का, तर खरे उत्तर काय द्याल? आपल्यातल्या बहुसंख्य दुकानांत सायकल उघडीवाघडी विकली जाते. खोके फोडले, हँडल बसवले, हवा भरली, दिली. दिवा काचेच्या कपाटात, मागितला तर. मडगार्ड ‘नंतर लावून घ्या’. ही रीत आपणच पाडली आणि आज तीच आपल्या विरुद्ध पुरावा म्हणून उभी आहे.

त्याहून राग येतो तो निवडीच्या वेळी केलेल्या आळसाचा. पाळीला जाणाऱ्या माणसाला डबल शॉकर, दोन डिस्क, एकवीस गिअर असे सांगून अठरा-वीस किलोचे धूड गळ्यात मारणारे सभासद आहेत. त्या फ्रेमला मागच्या ड्रॉपआउटवर मडगार्ड-कॅरियरच्या स्क्रूला भोके नसतात. मग सीटच्या नळीला चिमटीने अडकवायचे प्लास्टिक येते, पहिल्या पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा उमटतो आणि दोन महिन्यांत सायकल जिन्याखाली जाते. ते गिऱ्हाईक पुन्हा सायकल घेत नाही, मोटरसायकलचे हप्ते भरायला लागते.

मॉडेल दाखवण्यापूर्वी पाच गोष्टी विचारा : अंतर किती, पाळी कुठली, वाटेत चढ किंवा उड्डाणपूल आहे का, बरोबर काय न्यायचे, सायकल दिवसभर कुठे उभी राहणार. उत्तरे मिळाली की निम्मी निवड झाली. पुढचे काम कारागिराचे, आणि तिथे आमच्या काही सूचना आहेत.

क्रोमच्या लोखंडी रिमवर पाणी बसले की रबराची पकड जवळजवळ जाते, हे आपण सगळे जाणतो आणि गिऱ्हाइकाला सांगत नाही. पावसात रोज चालणाऱ्या सायकलीला ॲल्युमिनियमची रिम सुचवा. रिम बदलणे परवडत नसेल तर निदान ब्रेक रबर चांगले घाला आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक आधीपासून दाबत आणायला शिकवा.

एका गिअरच्या सायकलीवर चढ जड जातो म्हणून गिअरवाली महाग सायकल खपवण्याआधी फ्रीव्हील बदलून पाहा. २८ च्या चाकाला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर गिअर सुमारे ६८ इंच बसतो. मागे २२ घातला तर तो ५६ वर येतो. सपाट रस्त्यावर वेग थोडा उतरतो, पण उड्डाणपुलावर उतरून ढकलावे लागत नाही. चेनची लांबी तेवढी तपासा.

डांबरी रस्त्यासाठी खडबडीत टायर काढून गुळगुळीत, थोडा अरुंद टायर द्या. बदलताना बाजूवरचा मिलिमीटरचा आकडा वाचा. ‘२६’ लिहिलेला ५५९ चा टायर ५९० च्या रिमवर बसत नाही. गिऱ्हाइकाला दोन फेऱ्या घालायला लावणारे दुकान त्याच्या मनातून उतरते.

मागचा दिवा सीटच्या नळीवर लावू नका. कॅरियरवर डब्याची पिशवी आली किंवा रेनकोट खाली लोंबला की तो झाकला जातो. तो कॅरियरच्या मागच्या टोकाला, पक्क्या पट्टीवर बसवा. पुढचा दिवा थोडा खाली झुकवा, समोरच्याच्या डोळ्यांत जायला नको. चार्जिंग विसरणाऱ्यासाठी ६ व्होल्ट, ३ वॅटचा डायनॅमो आजही कामाचा आहे. टायरला घासून चालणारा डायनॅमो ओल्या रबरावर घसरतो, हेही सांगून ठेवा. मागच्या चाकाचे फिरते कुलूप फक्त चाक अडवते, सायकल उचलून नेता येते. फ्रेम आणि मागचे चाक दोन्ही एखाद्या खांबाला बांधता येतील इतकी लांब साखळी सोबत द्या.

यातले काहीही नवे नाही. प्रत्येक कारागिराला हे येते. पण दुकानाच्या काउंटरवर ते बोलले जात नाही, कारण घाई असते आणि खोके रिकामे करायचे असते.

म्हणून सर्व सभासदांना विनंती आहे. येत्या महिन्यापासून कामावर जाण्यासाठी म्हणून विकलेली एकही सायकल मडगार्ड, कॅरियर, स्टँड आणि दोन दिवे बसवल्याशिवाय दुकानाच्या पायरीवरून खाली उतरू देऊ नका. दिव्यांवरचा नफा कमी घ्या, फिटिंगची मजुरी सोडा, पण दिवा बसवा. निर्णय होईपर्यंत बिल वस्तूनिहाय वेगळे करा आणि आपल्या कर सल्लागाराला विचारूनच करा. प्रत्येक बिलाची एक प्रत, गिऱ्हाइकाचे नाव-पत्ता झाकून, आमच्याकडे पाठवा. जीएसटी परिषदेकडे आणि राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे जे निवेदन जाईल, त्याला ही बिले जोडायची आहेत. मागणी एकच : ८५१२ १० खालच्या दिव्यांना सायकलीचाच ५ टक्के दर, आणि सायकलीसोबत विकलेल्या कुलपा-हेल्मेटबद्दल लेखी खुलासा.

शंभर बिले आली तर ती तक्रार ठरेल. राज्याच्या प्रत्येक जिल्ह्यातून हजारोंनी आली तर ती धंद्याची रीत ठरेल, आणि कायदा रीतच विचारतो. दिवा हा सायकलीचाच भाग आहे असे सरकारला सांगण्याचा अधिकार, तो दिवा बसवून सायकल विकणाऱ्यालाच आहे. आज संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी कपाटातले दिवे बाहेर काढा आणि उद्या जाणाऱ्या पहिल्या सायकलीला बसवा.