भुताचा सिनेमा काढा, पण मांत्रिक कशाला?

मंगरूळपीरकडची आपली काही पोरं मोबाईलवर भुताचा सिनेमा काढताहेत. खिशात पैसा नाही, कॅमेरा नाही. कथा मात्र तीच: हडळ, लिंबू-मिरची आणि शेवटी सोडवायला मांत्रिक. मित्रांनो, 2013 साली डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर जादूटोणाविरोधी कायदा आला. बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्यांनी मांत्रिकालाच नायक करायचं? आपल्याकडं तर भुतांनाही जात आहे; ब्रह्मसमंध ब्राह्मणाचाच होतो.

पैशाची अडचण खरी, पण नवी नाही. रामसे बंधूंनी 'दो गज जमीन के नीचे' (1972) महाबळेश्वरात घरचीच माणसं कामाला लावून काढला. त्याआधी 1968 साली अमेरिकेत जॉर्ज रोमेरोनं 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' सव्वा लाख डॉलरच्या आत, बहुतेक एकाच घरात उरकला. नायक कृष्णवर्णीय, ड्वेन जोन्स. रात्रभर तो प्रेतांपासून वाचतो आणि सकाळी बंदूकवाल्या गोऱ्यांची टोळी त्यालाच प्रेत समजून गोळी घालते. खरी भीती ती. (तो शेवट तिसऱ्यांदा बघायचा मला धीर झाला नाही.)

आपल्याला बंगलाही नको. गावची विहीर, वाड्यासमोरून निघालेली आपल्या नवरदेवाची घोडी, आणि तेवढ्यात गेलेली लाईट. लाईट तर रोजच जाते, तिचा खर्च नाही. पहिला सीन तिथूनच लावा.