पायांचें ह्रस्व-दीर्घ

ज्याचा जन्म मुलांच्या वह्यांतील ह्रस्व-दीर्घ सुधारण्यांत गेला, त्याचे स्वतःचेच पाय ह्रस्व-दीर्घ व्हावे, यांतील विनोद घरच्या मंडळींनीं आमच्याआधीं ओळखला. सन २०२३ च्या मार्गशीर्षांत आमच्या उजव्या खुब्याचा सांधा शस्त्रक्रियेनें बदलला. जुनी कळ गेली. पण वॉकर धरून माजघरांतून फिरूं लागलों, तों उजवा पाय डाव्याहून चांगला अंगठाभर लांब झाल्याची आमची खात्रीच पटली. फरशी त्या पायास आधीं लागे, आणि लेंग्याचा एक पाय आंखूड दिसे.

आमच्या पुतण्यास कोणाचे हाल पाहवत नाहींत. आठ दिवसांच्या आंत त्यानें मोच्याकडून आमच्या डाव्या चपलेस पाऊण इंच जाडीचा जादा तळ मारून आणला. “काका, आतां चाला सरळ!” आम्ही महिनाभर चाललों, आणि कंबर धरली. मनांतल्या मनांत डॉक्टरांस एक कडक पत्रहि लिहिलें. त्यांत एकहि व्याकरणदोष नव्हता.

डॉक्टरांनीं प्रथम तो तळ काढावयास लावला. पायाची लांबी दोन प्रकारची असते, असें त्यांनीं समजाविलें. एक हाडांची, खरी, व दुसरी भासमान. झिजलेल्या सांध्याबरोबर पाय कित्येक वर्षें हळूहळू आंखूड होत आलेला असतो व भोंवतालचे स्नायु आखडलेले असतात. नवा सांधा पायास गेलेली लांबी परत देतो, तेव्हां हे आखडलेले स्नायु कमरेची चौकट त्या बाजूस खालीं ओढून धरतात आणि पाय आहे त्याहून लांब भासतो. व्यायामानें ते सैल होण्यास बहुधा तीन ते सहा महिने जातात. तोंपर्यंत दुसऱ्या टाचेखालीं उंची घातली, तर त्यांस सैल होण्याचें कारणच उरत नाहीं! शिवाय सांधा ढिला राहिला तर वाटींतून निसटतो, म्हणून केव्हां केव्हां शस्त्रवैद्य जाणूनबुजून थोडी लांबी पदरांत घालतात. हें सारें शस्त्रक्रियेपूर्वींच कोणी सांगितलें असतें, तर आमचे पत्रलेखनाचे श्रम वाचते.

सन २०२४ च्या ज्येष्ठांत व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनीं आम्हांस उभें करून डाव्या पायाखालीं पातळ लांकडी पट्ट्या एकेक करून सरकविल्या. कंबर समपातळींत आली, तेव्हां पट्ट्यांची जाडी भरली ८ मिलिमीटर. कोठें तो अंगठा आणि कोठें हें! एक सेंटिमीटरपर्यंतचा फरक पुष्कळांच्या ध्यानींहि येत नाहीं. आमची कंबर मात्र कुरकुर करी, म्हणून डाव्या टाचेखालीं ५ मिलिमीटरांची चकती मिळाली. फरक सगळा एकदम भरून काढूं नये, निम्म्यापासून आरंभ करावा, अशी रीत आहे.

एक गोष्ट मात्र थांबण्याची नव्हे. बदललेला पाय एकाएकीं आंखूड झाला, आंत किंवा बाहेर वळला, त्यावर भार घेववेना, किंवा पाऊल वर उचलेनासें झालें, तर त्याच घटकेस रुग्णालय गांठावें.

खरी अडचण घरांत आली. आमच्यासारख्या निवृत्त मनुष्याचे जागेपणींचे बहुतेक तास अनवाणी जातात. चकती बिचारी दारांतल्या चपलेंत बसून राहते. म्हणून आम्हीं उंबरठ्याबाहेर कधीं न जाणाऱ्या नव्या सपाता आणून त्यांत दुसरी चकती बसविली.

“भाऊजी, घरांत सपाता?” वडील वहिनींनीं एवढेंच विचारलें. स्वयंपाकघर व देवघर सोडून, असा तह झाला.

वहिनींचें वय अठ्ठ्याहत्तर. सन २०१६ मध्यें न्हाणीघरांत पडून खुबा मोडला, तेव्हां त्यांचाहि सांधा बदलला होता. त्यानंतर त्या जरा झुकून चालत, तें आम्ही वयावर घालीत आलों. श्रावणांत एके दुपारीं सगळे निजले असतां आम्ही पाण्यासाठीं उठलों, तों वहिनी माजघराच्या दाराची चौकट धरून उभ्या; डाव्या पायाखालीं बाईंनीं ठेवून गेलेल्या लांकडी पट्ट्या.

“भाऊजी, असं उभं राहिल्याला आठ वर्षं झाली,” त्या म्हणाल्या.

आठ वर्षें एका छताखालीं राहून, त्यांच्या हातचें जेवून, आमच्यापैकीं एकानेंहि त्यांच्या पावलांकडे पाहिलें नव्हतें. त्यांनीं आपण होऊन सांगितलें नाहीं, हें खरें. पण आम्हीं तरी कोठें विचारलें? पुढल्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे मोजलें, तें १४ मिलिमीटर निघालें. इतक्या वर्षांचा फरक आतां आपोआप जाणारा नव्हे. त्यांस ७ मिलिमीटरांची चकती लागली. पहिले पंधरा दिवस पाठ उलट अधिकच दुखली. पुढें तुळशीपर्यंतच्या फेऱ्या एकाच्या तीन झाल्या.

हल्लीं माजघरांत सपातांचे दोन जोड असतात. वहिनींचा कापडी आहे, आणि तो देवघराच्या किती अलीकडे काढावा याविषयीं घरांत अद्याप एकमत नाहीं.