'मीने गृहपाठ केला' आणि जॉर्जियातलं व्याकरण

डोंबिवलीतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांमधल्या मराठीच्या वह्या चाळल्या, तर लाल शाईचा एक गोल हमखास सापडतो. 'मीने गृहपाठ केला.' बाई त्यातला 'ने' खोडतात, मूल ते वाक्य पाच वेळा लिहून काढतं आणि पुढच्या आठवड्यात 'ने' पुन्हा हजर. घरी हिंदी असलेल्या मुलाला 'मैंने किया' ठाऊक असतं. मराठीत 'त्याने केला', 'तिने केला', 'रामाने केला' हेही त्याने पाठ केलेलं असतं. मग 'मी' आणि 'तू' यांनीच काय घोडं मारलंय? या प्रश्नाला वर्गात मिळणारं उत्तर ठरलेलं आहे: मराठीत असंच म्हणतात.

उत्तर चुकीचं नाही, पण त्यात एक मोठी गंमत वाया जाते. कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी, मराठीशी कणभरही नातं नसलेली जॉर्जियन भाषा हुबेहूब हेच करते. 'माणूस पत्र लिहितो' हे तिथे 'कात्सी त्सेरिल्स त्सेर्स'. काळ बदलून 'माणसाने पत्र लिहिलं' म्हणायचं झालं, की 'कात्समा त्सेरिली दात्सेरा'. कात्सीचा कात्समा झाला, जसा माणूसचा माणसाने. वर्तमानात कर्ता मोकळा, काम पुरं झालं की त्याला प्रत्यय. आणि 'मी' म्हणजे 'मे', 'तू' म्हणजे 'शेन' ही दोन सर्वनामं जॉर्जियनमध्येही प्रत्यय न लावता तशीच राहतात. वऱ्हाडीत मात्र 'मीनं' सर्रास चालतं. म्हणजे डोंबिवलीतल्या त्या मुलाने लिहिलेला 'ने' फक्त हिंदीच्या प्रभावाचा पुरावा नाही. तो मराठीच्या स्वतःच्या घरातही वावरतो. प्रमाण भाषेने त्याला बाहेर ठेवलंय, इतकंच.

साम्य ताणायचं मात्र नाही. मराठीत 'पत्र लिहिलं', 'चिठ्ठी लिहिली' असं क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे वळतं; यालाच शाळेत कर्मणी प्रयोग म्हणून घोकून घेतात. जॉर्जियनमध्ये व्याकरणिक लिंगच नाही. तिथलं क्रियापद भूतकाळातही कर्त्याशी जुळवून घेतं, शिवाय कर्माची खूणही अंगावर वागवतं. 'मी तुला पाहतो' हे सगळं 'ग्खेदाव' या एका शब्दात मावतं.

आता फिलिपिन्सच्या लुझोन बेटाचं उत्तर टोक. तिथली इलोकानो सहसा वाक्याची सुरुवातच क्रियापदाने करते. 'नांगान ती उबिंग' म्हणजे 'जेवलं मूल'. आपल्याला जास्त जवळचं वाटेल ते तिचं 'आम्ही-आपण'. 'दाकामी' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही, 'दातायो' म्हणजे त्याला धरून आपण, आणि फक्त तू आणि मी अशा दोघांसाठी 'दाता' हे वेगळं सर्वनाम. इथे जॉर्जियन मागे पडते, तिच्याकडे सगळ्यांना मिळून एकच 'च्वेन'. हिंदीचा 'हम' आणि इंग्रजीचा 'वुई' त्याच रांगेतले.

हा फरक किती खरा आहे, ते सोसायटीच्या वार्षिक सभेत बसलं की कळतं. सेक्रेटरी म्हणतात, 'आम्ही ठरवलंय की पार्किंगचे पैसे वाढवायचे.' मागच्या खुर्चीवरून लगेच येतं, 'आम्ही म्हणजे कोण? आपण कधी ठरवलं?' अख्खं भांडण एका सर्वनामावर उभं. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' असल्यामुळे शेजारच्या शहाबाईंना हा टोला पटकन कळतो, मल्याळम बोलणाऱ्यांनाही कळतो, कारण त्यांच्याकडेही 'ञङ्ङळ्' आणि 'नम्मळ्' अशी जोडी आहे. हिंदी भाषकाला मात्र समजावून सांगावं लागतं. आणि हल्ली मराठी घरांतली इंग्रजी शाळेत जाणारी मुलंही 'आम्ही खेळायला जाऊया का?' असं सहज विचारतात. 'मीने' ऐकून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांच्या लक्षात ही झीज येतेच असं नाही.

इतक्या लांब जायची तशी गरजही नाही. कल्याणच्या शेजारी, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेवर फाळणीनंतर सिंधी निर्वासित उतरले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. तिथल्या जुन्या पिढीच्या तोंडी 'मी त्याला म्हटलं' हे 'चयोमांसि' अशा एका शब्दात येतं. 'मी' आणि 'त्याला' दोघेही क्रियापदाच्या शेपटीला. जॉर्जियनच्या 'ग्खेदाव'ची आठवण व्हावी अशी ही करामत विठ्ठलवाडी स्टेशनच्या पलीकडे रोज ऐकू येत आली, आणि कल्याणच्या किती मराठी शिक्षकांनी तिची दखल घेतली असेल? कल्याण-डोंबिवलीच्या गावांतली आगरी तर मराठीच्याच घरातली. 'मला'चं 'मना', 'गाडी'ची 'गारी', 'पाणी'चं 'पानी'. यातलं 'पानी' वहीत आलं की तेही लाल गोलात जातं. जॉर्ज ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये काढला, तेव्हा आगरीची नोंद त्यात झाली होती. बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट त्याने भाषेभाषेत आणि बोलीबोलीत उतरवून घेतली, म्हणून त्या शेजारी ठेवून बघता आल्या. साहेबाचा हेतू काहीही असो, पद्धत चोख होती.

भाषेच्या प्रश्नावर आपल्याकडे रस्त्यावर उतरायला माणसं तयार असतात, आणि त्यात गैर काही नाही. १४ एप्रिल १९७८ रोजी तिबिलिसीत हजारो लोक उतरले, म्हणून सोव्हिएत काळातही जॉर्जियनचं राजभाषेचं कलम टिकलं. तो दिवस तिथे भाषादिन म्हणून पाळतात. इलोकानोच्या वाट्याला उलटं आलं. २०१२ पासून फिलिपिन्समध्ये सुरुवातीच्या इयत्ता मातृभाषेतून शिकवण्याचं धोरण आलं होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये कायदा करून त्याची सक्ती काढून टाकण्यात आली. महाराष्ट्रात पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचे शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घ्यावे लागले. जिंकणं आणि हरणं अशा दिवशी ठरतं खरं, पण भाषेबद्दलचं कुतूहल मोर्चातून तयार होत नाही. ते वर्गात तयार व्हायला हवं, आणि तिथे आपण लाल गोलावर थांबतो.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. त्यामुळे ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या मराठीच्या तासाला आज गुजराती, सिंधी, मल्याळी, भोजपुरी, आगरी अशी मुलं एका बाकावर बसलेली असतात. ग्रिअर्सनला देशभर माणसं कामाला लावून जे गोळा करावं लागलं, ते इथे हजेरीपटावरच आहे. तरी कर्मणी प्रयोग शिकवताना 'तुझ्या घरी हे कसं म्हणतात?' एवढंही विचारलं जात नाही. मल्याळी मूल 'राम आंबा खाल्ला' लिहितं, कारण त्याच्या भाषेत कर्त्याला असा प्रत्ययच लागत नाही. हे बाईंना माहीत असेल, तर त्या 'ने' का लागतो ते त्याला दोन मिनिटांत दाखवू शकतात. माहीत नसेल, तर पाच वेळा लिहिण्याची शिक्षा.

बालभारतीने आणि इतर मंडळांच्या पुस्तककर्त्यांनी प्रयोगांच्या धड्यात एक पान यासाठी द्यावं: 'मी आंबा खाल्ला', 'तिने आंबा खाल्ला', 'आपण आंबा खाल्ला', 'आम्ही आंबा खाल्ला' ही चार वाक्यं, आणि शेजारी वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरच्या भाषेसाठी रिकामा रकाना. आगरी मुलालाही आपला रकाना आगरीतच भरू द्यावा. पुस्तक यायला वेळ लागेल. फळ्यावर रकाने आखायला शिक्षकांना कोणाच्या परिपत्रकाची वाट बघावी लागणार नाही.